अस्वलाची डावी पट्टी

शिकार क्लबच्या शेडची किल्ली माझ्याकडे असते, कारण मी कटकटी आहे. हे मी नाही म्हणत, आमचा अध्यक्ष रिस्तो म्हणतो, तेही भर बैठकीत, आणि बाकीचे माना डोलावतात. डोलावू देत. बंदूक उचलणारा या गावात घरटी एक आहे, पण मारलेलं जनावर खाण्यालायक ठेवायचं कुणी? आतडी फुटू न देता पोट साफ करा. कातडं काढताना केस मांसाला लागू देऊ नका. पाण्याचा पाइप मांसावर मारू नका रे बाबांनो, ओलं मांस लवकर नासतं. दोन जनावरं एकमेकांना चिकटवून टांगू नका, मधून वारा खेळू द्या. इतकी वर्षं हेच बोंबलते आहे आणि दर ऑक्टोबरात कुणीतरी मातीच्या बुटांनी आत येतोच.

त्या शनिवारी शेडमध्ये दोन जनावरं आली. एक मूसचं, म्हणजे आमच्याकडच्या त्या घोड्याएवढ्या हरणाचं, पिल्लू. पिल्लू म्हणायचं आपलं, वजनाला दोन माणसांना भारी. आणि दुसरं अस्वल. अस्वल मारलं माझ्या धाकट्या भावाने, तौनोने. आयुष्यभर त्याने अस्वलाच्या नुसत्या पाऊलखुणा पाहिल्या होत्या, त्यामुळे त्याचे पाय काही जमिनीला लागत नव्हते. जो तो त्याची पाठ थोपटत होता, शेडच्या दारात कॉफी आणि कॉफीपेक्षा कडक काहीबाही चालू होतं.

"हेल्वी, अगं ये ना, भावाच्या नावाने एक घोट तरी घे!" रिस्तो ओरडला.

"घोट तुम्ही घ्या, मला इथे कामं आहेत. आणि कप त्या टेबलावर ठेवू नकोस, ते मांसाचं टेबल आहे."

अस्वल मी पार पलीकडच्या सळईवर टांगून घेतलं, मूसपासून लांब. त्याच्या सुऱ्या वेगळ्या, करवत वेगळी, बादली वेगळी. सगळ्यांच्या मुठींना लाल चिकटपट्टी. "लाल पट्टीची सुरी कुणी मूसला लावली तर त्याचा हात जाग्यावर राहणार नाही," असं मी सांगितलं, आणि हसले सगळे, पण लावली नाही कुणी. मग अस्वलाच्या छातीच्या पडद्याचा एक तुकडा आणि पुढच्या पायाचा एक तुकडा कापून पिशवीत घातला. ती पिशवी तपासणीला जाते. तिकडून निरोप येईपर्यंत अस्वलाचं नखभरही मांस शेडबाहेर जायचं नाही. माणसाला नाही, कुत्र्यालाही नाही.

कारण आमच्याकडच्या अस्वलांच्या मांसात अळी असते. प्रत्येकात नाही, पण असते. डोळ्याला दिसत नाही. मांसात वेटोळं करून झोपलेली असते, आणि कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस माणसाने खाल्लं की त्याच्या पोटात जागी होते. तिथे पिल्लं घालते आणि ती पिल्लं रक्तातून निघतात ती थेट माणसाच्या मांसात जाऊन घर करतात. लोकांना वाटतं, फ्रीझरमध्ये टाकलं की सगळं मरतं. डुकराच्या मांसातली मरतही असेल. आमच्या उत्तरेकडच्या अस्वलातली अळी बर्फाला भीक घालत नाही. तिला फक्त चांगली उकळी लागते.

सरोवरापलीकडच्या गावात एक सुतार आहे. त्याने तरुणपणी अस्वलाचं मांस वरवर भाजून खाल्लं होतं. त्याचे डोळे सुजून बंद झाले, पोटऱ्या अशा दुखायच्या की हा उंचापुरा गडी जिन्यावर बसून रडायचा. जगला तो. पण अजूनही जिना उतरताना तिरका होऊन, एकेक पाय टेकवत उतरतो. मी त्याला उतरताना पाहिलंय, म्हणून मी कटकटी आहे.

सोमवारी सकाळी मी शेड उघडली. बाहेर गवतावरचं दव गोठलेलं, आत थंडी छान धरलेली. मूसचा वरचा थर सुकून पापडीसारखा झाला होता, तसाच व्हायला हवा. मग अस्वलाकडे गेले. मांडीजवळ कुठे ओलसर राहिलंय का ते बघायला बॅटरी आत फिरवली, आणि ती कण्यापाशीच थांबवली.

कण्याच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे मांसाची एकेक लांब, मऊ पट्टी असते. अख्ख्या जनावरात तिच्याइतकं कोवळं मांस नाही. उजवी पट्टी जागेवर होती. डावी नव्हती.

मी दोनदा हात फिरवून पाहिलं. तिथे नुसती हाडं लागत होती. कडेला सुरीची सरळ रेघ होती.

खरं सांगते, पहिल्यांदा मला संताप आला. वाटणीच्या आधी कुणी मांसाला हात लावत नाही, हा आमच्याकडे देवाच्या शपथेसारखा नियम आहे. जंगलात खोटं बोललेलं खपतं, पण मांस चोरणाऱ्याला या गावात पुन्हा कुणी कॉफीला बोलवत नाही. पण संताप जेमतेम दारापर्यंत टिकला. दारात आल्यावर डोक्यात आलं, की ती पट्टी कुणी रश्श्यात घालायला नेत नाही. ती पट्टी मीठ, साखर आणि शेपू चोळून मुरवायची, थोडी गोठवायची, कागदासारखी पातळ कापायची आणि काळ्या पावावर ठेवून कच्चीच खायची. मूसची आम्ही सगळे तशीच खातो. ज्याने मूस मारला त्याच्या घरी पहिली पट्टी जाते, ती तशीच खाल्ली जाते. हात तोच, सवय तीच. आणि हे अस्वल होतं.

कॉफीच्या बाकावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

आणि मग मला माझा नवरा आठवला.

आउलिसच्या पोटात दुसऱ्या माणसाची किडनी आहे. कुणाची ते आम्हाला सांगितलं नाही, पण दर नाताळात मी त्या माणसाच्या नावाने एक मेणबत्ती लावते. ती किडनी शरीराने बाहेरची म्हणून झिडकारू नये यासाठी आउलिस सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेतो, आणि त्या गोळ्या शरीराची लढायची ताकदच काढून घेतात. साधी सर्दी झाली तरी मी इस्पितळात फोन करते. डॉक्टरांनी बजावलं होतं, कच्चं मांस नाही, कच्चा मासा नाही. आणि आउलिस हा असा माणूस, की मिठातल्या मांसाच्या नुसत्या वासाने सौनामधून, त्या वाफेच्या खोलीतून, ओल्या अंगाने बाहेर येईल. सुतार धडधाकट होता तरी त्याची ती गत झाली. आउलिसच्या पोटात ती अळी गेली तर तिला अडवणारं तिथे कोणी नव्हतं.

मी घरी गेले. तो खिडकीशी बसून मासेमारीची जाळी दुरुस्त करत होता.

"आउलिस, शेडमधून तू काही नेलंस का?"

"मी? मी काय नेणार?"

"अस्वलाची पट्टी गेलीये. नेलीस का तू?"

"मी शनिवारपासून तुझ्या त्या शेडमध्ये पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

"शपथ घे."

"काय डोंबलाची शपथ! नवऱ्याला चोर ठरवतेस होय गं?" त्याने जाळं खाली टाकलं. "नाही नेलं. झालं समाधान?"

झालं. त्याचा चेहरा खरं बोलणाऱ्या माणसाचा होता. इतक्या वर्षांच्या संसारात मला तेवढं कळतं. मी जाऊन त्याच्या टकलावर हात फिरवला, तर त्याने मान बाजूला घेतली. रागावला असेल, असं मला वाटलं.

मग मी तौनोला गाठलं. तो अंगणात लाकडं फोडत होता.

"मला कशाला विचारतेस?" तो म्हणाला. "अस्वल माझं, निम्मं मांस तसंही माझ्या घरी येणार. मी चोरी कशाला करू?"

"तूच मारलंस म्हणून विचारते. मारणाऱ्याचा हक्क म्हणून नेली असशील तर सांग. मी ओरडणार नाही."

"तू? ओरडणार नाहीस?" तो हसला. "ताई, वरच्या जाळीतून मार्टेन शिरला असेल. मुंगसासारखी जात, बारीकशा फटीतून येतो."

"आणि सुरी तोंडात धरून आला का तो मेला?"

तौनोने कुऱ्हाड ओंडक्यात मारली आणि पुढचं लाकूड उचललं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण तो माझा भाऊ, आईच्या मागे मीच त्याला जेवू घातलेला. माझ्या तोंडावर खोटं बोलेल असं मनातसुद्धा आलं नाही.

त्या आठवड्यात मी गाव पालथा घातला. प्रत्येक दारात तेच. "चोर शोधत नाहीये मी. कुणाच्या घरात ती पट्टी असेल तर खाऊ नका, एवढंच सांगायला आलेय." लोक कॉफी देत होते, केक पुढे करत होते आणि तोंडाला कुलूप लावून बसत होते. एका म्हातारीने तर मला फ्रीज उघडून दाखवला, वर म्हणाली, "हेल्वी, पोरी, तुझा चेहरा बघ कसा झालाय. आधी तूच काहीतरी खा." एखाद्या घरातून हसण्याचे आवाज आले तरी मी दचकत होते. आत कुणीतरी पावावर ते पातळ लालभडक काप मांडत असेल, मुलांच्या ताटलीत घालत असेल. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाचे डोळे बघायची मला सवयच लागली. सुजलेत का? कुणी लंगडतंय का?

बुधवारी आउलिसने लापशी तशीच ठेवली.

"का रे?"

"मळमळतंय थोडं. कॉफी जास्त झाली."

"ताप आहे?"

"नाही गं बाई. जा तू तुझी मांसं बघ."

मी त्याच्या कपाळाला हात लावला, पापण्या खाली ओढून पाहिल्या. तो वैतागला. ठीक दिसत होता. मी स्वतःला समजावलं, की त्याने नाही म्हटलंय. तरी तो झोपलेला असताना मी फ्रीज उपसला, फ्रीझर उपसला, सौनाच्या बाहेरच्या खोलीतली फळी चाचपली, लाकडाच्या ढिगामागे बघितलं. काही नव्हतं. गुरुवारी त्याला जुलाब झाले. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाचं पोट आहे, चालायचंच. मी मान हलवली आणि गोठ्यामागे जाऊन उभी राहिले, तिथे मी त्याला दिसत नव्हते.

विचाराल, तेव्हाच का नाही नेलं इस्पितळात? नेणार होते. शुक्रवारी वाटणी उरकून नेते असं ठरवलं होतं. आणि मनातून मला नेण्याचीच भीती वाटत होती, कारण नेलं असतं तर ते खरं ठरलं असतं.

शुक्रवारी दुपारी मूसची वाटणी होती. पिल्लू कापून, सारख्या वजनाचे ढीग लांब टेबलावर मांडलेले. क्लबातली सगळी माणसं आपापले टब घेऊन आली होती. आउलिसही आला. नको म्हटलं तरी आला, आणि दाराजवळच्या बाकावर तौनोच्या शेजारी बसला. रिस्तो मात्र येईना. आला तेव्हा फोन हातातच होता आणि टोपी काढायचं त्याला भान नव्हतं.

"तपासणीचा फोन होता," तो म्हणाला. "अस्वलात अळी आहे. पुष्कळ आहे म्हणाले. सगळं जाळायला पाठवायचं."

कुणीतरी शिवी हासडली. कुणी म्हणालं, "गेलं रे सगळं." एकाने विचारलं, मूसचं काय? रिस्तोने माझ्याकडे पाहिलं.

"मूसला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "सुऱ्या वेगळ्या होत्या." आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला. "पण डावी पट्टी तुमच्यातल्या कुणाच्या तरी घरी आहे. ज्याने खाल्लीये त्याला आत्ता गोळ्या मिळाल्या तर ठीक. अळ्या अजून आतड्यातच असतील तर गोळ्यांनी मरतात. एकदा मांसात शिरल्या की मग काही खरं नाही. बोला."

टेबलावरच्या ढिगांकडे सगळे असे बघत होते, जसं काही आयुष्यात मांस पाहिलंच नाही.

"अरे, बोला ना! चोर म्हणणार नाही कुणी."

चोर शब्द मी उच्चारायला नको होता. तो ऐकताच सगळ्यांच्या माना आणखी खाली गेल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. इथे एका माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही अब्रू सांभाळत बसलाय!

तेव्हा मी एक केलं. आमच्याकडे वाटणीच्या वेळी एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. बरीच वर्षं ते काम माझंच आहे. मागून रिस्तो एका ढिगावर हात ठेवतो आणि विचारतो, "हा कुणाचा?" मला ढीग दिसत नाही. मी मनात येईल ते नाव घेते, ज्याचं नाव आलं त्याचा तो ढीग. आणि पाठीमागे जे झालं त्यावर पुढे कुणी वाद घालत नाही, कधीच नाही. बापाशी भांडण असलेला मुलगाही घालत नाही.

मी भिंतीकडे तोंड केलं. पांढऱ्या फरशा, त्यांच्या मधल्या राखाडी रेघा. नाक जवळजवळ टेकलं होतं.

"आता माझी पाठ आहे," मी म्हणाले. "पाठीला जे सांगाल त्यावर मी वाद घालणार नाही. आज नाही, उद्या नाही, मरेपर्यंत नाही. ती पट्टी कुणाची?"

पंख्याचा आवाज येत होता. कुणाच्या तरी टबाची कडी वाजली. आणि मी मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत होते, आउलिस नको. बाकी कुणीही चालेल. देवा, कुणाचंही नाव येऊ दे, आउलिसचं नको.

"माझी," तौनो म्हणाला.

मी डोळे मिटले. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. सख्ख्या भावाने अळीवालं मांस खाल्लं आणि मला बरं वाटलं.

"शनिवारीच कापली मी," तौनोचा आवाज चिरकत होता. "ताई, तू कातडं घडी करत होतीस तेव्हा. मारणारा मीच म्हटलं, मारणाऱ्याची पट्टी असते. तपासणी म्हणजे नुसता कागदाचा खेळ वाटला मला. मीठ चोळलं, रात्रभर फ्रीझरमध्ये टाकली, म्हटलं त्यात कसला किडा वाचतोय."

"कुणी कुणी खाल्ली?" मी भिंतीला विचारलं.

मागे बाक करकरला.

"तौनो. कुणी खाल्ली?"

"रविवारी तू बाप्तिस्म्याला गेली होतीस ना, मुलीकडे. आम्ही सौना पेटवला होता. मी आणि..." तो थांबला. "मी आणि आउलिस."

मी वळले. वाद घालणार नाही म्हणाले होते, वळणार नाही असं म्हटलं नव्हतं. आउलिस बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. शेडमधली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"थोडंच खाल्लं गं," तो म्हणाला.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. रिस्तो पुढे होऊन मला धरायला आला, म्हणजे मी काहीतरी बोलले असणार किंवा कुणाच्या तरी अंगावर धावले असणार. आठवतं ते हे, की मी ॲप्रन काढून टेबलावर फेकला, अगदी मांसावर, आणि गाडीची चावी शोधायला लागले, आणि ती माझ्याच हातात होती.

गाडी मी चालवली. तौनो मागे बसला, लहान मुलासारखा मधोमध. आउलिस शेजारी. रस्त्यावर पहिला बर्फ पडून विरघळलेला होता, वळणं निसरडी. मी इतक्या जोरात चालवत होते की एरवी आउलिसने दहा वेळा टोकलं असतं. त्या दिवशी टोकलं नाही. मध्येच मी त्याच्या मांडीवर हात ठेवला, दुखतंय का म्हणून दाबून पाहिलं.

"नाही दुखत."

"खरं सांग."

"खरंच नाही दुखत, हेल्वी."

"मला तुझं काहीच खरं वाटत नाही आता."

यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला. मागून तौनोचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मी त्याला गप्प बस म्हणाले, आणि मग मलाच रडू फुटलं, तर वायपर लावले. बाहेर पाऊस नव्हता.

शहरातल्या इस्पितळात आम्ही किडनीच्याच विभागात गेलो, तिथे आम्हाला ओळखतात. डॉक्टर तरुण बाई होती, शांत. तिने दोघांचं रक्त घेतलं, मग आउलिससमोर खुर्ची ओढून बसली.

"कच्चं होतं का?"

"कच्चंच," आउलिस म्हणाला. "मिठातलं. असे पातळ काप. काळ्या पावावर, लोणी लावून, वर कांदा. पाचेक काप पावावर खाल्ले आणि मग ताटलीतले नुसतेच. ताटली बरीचशी मीच संपवली. शेवटचे दोन तौनोने खाल्ले. सोमवारी काही झालं नाही. बुधवारी मळमळ सुरू झाली, गुरुवारी जुलाब, कालपासून थोडा ताप. सदतीस पॉइंट आठ. आज सकाळी सदतीस पॉइंट नऊ."

मी ऐकतच राहिले. त्याने ताप मोजला होता. थर्मामीटर स्वयंपाकघरातल्या खणात असतं, मी तो खण दिवसातून वीस वेळा उघडते, आणि त्याने मला कळू न देता ताप मोजून परत ठेवला होता. त्या अनोळखी बाईला त्याने एका दमात सगळं सांगितलं. कांद्यासकट.

"लवकर आलात असं म्हणता येणार नाही," डॉक्टर म्हणाली, "पण फार उशीरही झालेला नाही. आजच गोळ्या सुरू करू. तुमच्या नेहमीच्या औषधांमुळे आम्हाला जपून जावं लागेल, म्हणून तुम्हाला इथे ठेवून घेते. किडनीवर लक्ष ठेवू." मग ती माझ्याकडे वळली. "वचन देता येत नाही. पण आशा आहे."

ती तौनोला दुसऱ्या खोलीत घेऊन गेली. आम्ही दोघं उरलो. आउलिसला इस्पितळाचा तो निळा सदरा घातला होता, त्यातून त्याचे बारके हात बाहेर आलेले. मला त्याला बदडून काढावंसं वाटत होतं आणि मला त्याच्या शेजारी झोपावंसं वाटत होतं.

"सोमवारी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?" मी म्हणाले.

"तू विचारलंस, नेलं का. मी नव्हतं नेलं."

"आउलिस!"

"हो, हो, कळतंय." त्याने चादरीची कड बोटांत गुंडाळली. "सांगणार होतो. तू दारातून आत आलीस तेव्हा तोंड उघडलं होतं मी."

"मग? सोमवारी आलो असतो तर त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या असत्या. बुधवारी मळमळलं तेव्हा सांगायचंस. काल सांगायचंस. अख्खा आठवडा मी गावभर फिरतेय, मेल्यासारखी झालेय, आणि तू जाळं विणतोयस! तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. झोप नव्हती मला. तू झोपलीस की मी पोटऱ्या दाबून बघायचो."

"मग एवढी भीती वाटत होती तर बोलला का नाहीस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले नव्हते. नुसते थकलेले होते.

"अळीची नाही गं वाटली एवढी," तो म्हणाला. "तुझी वाटली."

मला वाटलं तो थट्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, हसू येतंय का म्हणून. आलं नाही. नर्स गोळ्या घेऊन आली, पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तुम्हीच द्या. मी पेला त्याच्या तोंडाशी नेला. निम्मं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं, आणि त्याने घाईघाईने म्हटलं, "असू दे, असू दे, माझीच चूक."